सहीखाली फोन नंबर

पेंटरला लहान अक्षराची लाज वाटायची. अर्धं आयुष्य त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या आणि धंद्याचा एकच नियम त्याच्या हाडीमाशी खिळला होता. रस्त्याच्या पलीकडच्या, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला जी वाचता येते ती पाटी. बाकीचं सगळं त्याच्या लेखी फळीला फासलेला रंग.

एकच गोष्ट तो बारीक काढायचा, ती म्हणजे स्वतःची सही. काम संपलं की उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, चार केसांच्या ब्रशने एक वळसा, त्याला लांब शेपूट आणि शेपटीखाली फोन नंबर. गावातल्या निम्म्या पाट्यांवर तो कोपरा होता. त्याच कोपऱ्याने त्याला तुरुंगात नेलं.

बायकोच्या भावाचं गॅरेज होतं. तो टेम्पो आणायचा, "दाजी, नंबर घालून द्या" म्हणायचा आणि दाजी नंबर घालून द्यायचे. टेम्पो कुणाचा, आधीच्या प्लेटचं काय झालं, हे विचारणं पेंटरच्या धंद्यात बसत नव्हतं. 'अस्सल चामडे' असं लिहून देताना त्याने कधी बूट हुंगून पाहिला नव्हता. गिऱ्हाइकाने मजकूर द्यायचा, आपण तो देखणा करायचा, एवढीच त्याची जबाबदारी.

टेम्पो चोरीचे निघाले. मेहुणा रातोरात पसार झाला. पोलिसांनी पहिला टेम्पो पकडला, नंबरप्लेट खाली उतरवली आणि शेवटच्या आकड्याखाली मुंगीएवढी सही पाहिली. सहीखाली फोन नंबर. फौजदाराने तो फिरवला.

"पेंटर का?"

"बोला साहेब. कुठली पाटी?"

"जरा चौकीवर या."

"माप सांगून ठेवा, त्या हिशेबाने रंग आणतो."

"तुम्ही या तर खरं."

पेंटर दोन ब्रश, तीन डबे, टर्पेंटाइनची बाटली आणि रेघा मारायची खडूची सुतळी घेऊन चौकीत हजर झाला. आल्या आल्या त्याने दारावरच्या जुन्या पाटीवरून बोट फिरवलं आणि "हे आधी खरवडावं लागेल" असं मत दिलं. अटकेच्या पंचनाम्यात टर्पेंटाइनच्या बाटलीची नोंद आहे, ती यामुळे.

खटला मात्र हरण्यासारखा नव्हता. सरकारी मदतीतून मिळालेल्या वकिलाने साधी सरळ बाजू धरली होती. सही आमच्या अशिलाची नाही, कुणीतरी त्याची नक्कल केली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग वकिलाच्या अंगात आलं. नंबरप्लेट हातात धरून तो म्हणाला, "काम बघा ना साहेब. ओबडधोबड. आकडे कसे फतकल मारून बसलेत. कुणाही ऐऱ्यागैऱ्याने केलेलं काम आहे हे."

पिंजऱ्यातून आवाज आला, "ओबडधोबड?"

वकिलाने हाताने गप्प बसायची खूण केली. पेंटर उभा राहिला. "साहेब, त्यातला आठ बघा. असा आठ या गावात दुसरा कोण काढतो ते दाखवा. काम माझंच आहे आणि सहीपण माझीच आहे!"

वकील खाली बसला. हे वाक्य निकालपत्रात जसंच्या तसं आलं आणि पेंटर शिक्षा घेऊन आत गेला.

जाताना त्याने मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या. पुन्हा म्हणून वकील करायचा नाही आणि पुन्हा म्हणून सही करायची नाही.

तुरुंगाच्या हेडक्लार्कने पहिल्याच आठवड्यात त्याचा धंदा हेरला. 'मुलाखत कक्ष', 'शांतता राखा', 'रांगेचा फायदा सर्वांना' अशा पाट्या भिंतींवर उमटू लागल्या. 'शांतता राखा' तर इतकी दणदणीत झाली, की ती वाचताना कानठळ्या बसतात असं शिपाई म्हणायचे. पण कोपरे रिकामे. हेडक्लार्कला ते खटकलं. त्याच्या स्वतःच्या घराच्या पाटीवरही ती शेपटीवाली सही होती.

"खाली सही राहिली का रे?"

"ते सोडलं साहेब," पेंटर म्हणाला. जसं कुणी तंबाखू सोडल्याचं सांगतं तसं.

आता अपील. वरच्या कोर्टात दाद मागायला तुरुंगातून मोफत वकील मिळत होता. पेंटरने हात जोडले. "माझ्या अक्षराला नावं ठेवणारा माणूस मला नको." मग नियमांची एक पुस्तिका त्याच्या हातात देण्यात आली आणि ती समजावून सांगायला 'वकीलसाहेब' पुढे सरसावले.

वकीलसाहेब वकील नव्हते. एकच घर त्यांनी वेगवेगळ्या पाच कुटुंबांना विकलं होतं. पण स्वतःची केस ते खालपासून वरपर्यंत प्रत्येक कोर्टात हरले होते. एवढा अनुभव बराकीत दुसऱ्या कुणाला नव्हता, म्हणून हे नाव पडलं होतं.

"हे बघ पेंटर," ते पुस्तिका उघडून म्हणाले, "मजकूर टाइप केलेला हवा. चारी बाजूंनी समास कोरा हवा. पानांची मर्यादा आहे. तीन प्रती, तिन्ही तंतोतंत सारख्या. मुदतीत. आणि प्रत्येक पानावर सही."

"टाइप कशावर करू? चमच्याने?"

"मग हातानं लिही. पण बारीक लिही."

पेंटरने वहीच्या कागदावर एक ओळ बारीक लिहून पाहिली, हात लांब करून पाहिली आणि फाडून टाकली. मग आपल्या पद्धतीने लिहायला बसला. एका पानावर सहा ओळी. मथळ्याला शेड. शेड सुकेपर्यंत थांबायची सवय इतकी मुरलेली, की बॉलपेनने काढलेल्या मथळ्यावरही तो फुंकर मारत बसायचा. चारी बाजूंनी, म्हणजे नेमक्या समासात, वेलबुट्टीची चौकट. पहिली प्रत संपली तेव्हा तिची जाडी उशीएवढी झाली होती. दुसरी प्रत काढताना त्याला पहिलीतल्या काही गोष्टी आवडेनाशा झाल्या, त्या त्याने सुधारल्या. तिसरीत आणखी सुधारल्या. तीच पाटी दुसऱ्यांदा तशीच रंगवणं हा त्याच्या मते आळस होता.

वकीलसाहेबांनी तिन्ही प्रती चाळल्या. "अरे, पहिल्या प्रतीत तू म्हणतोस मेहुण्याला ओळखतो पण विश्वास नव्हता. दुसरीत विश्वास होता. तिसरीत मेहुणाच नाही!"

"तिसरीत जागा पुरेना."

"आणि हा आठ? आठाच्या आकड्यावर बारा पानं?"

"त्याच आठानं मला आत घातलं ना? मग त्याची बाजू कोण मांडणार?"

मुदत उलटून गेली होती. गठ्ठा गेला आणि आला. सोबत कोर्टाच्या कचेरीने त्रुटींचा कागद लावला होता. हस्तलिखित, उशिरा, पानं जास्त, समासात नक्षीकाम, प्रती एकमेकींशी जुळत नाहीत, सही नाही. खाली एक शेरा होता, की अपीलकर्त्याला सवलत हवी असल्यास तसा अर्ज करावा, न केल्यास अपील निकालात काढलं जाईल.

निकालात काढणं म्हणजे न वाचताच संपवणं, हे वकीलसाहेबांनी त्याला समजावलं. "तुझ्यात किती खरं, किती खोटं, हे कुणी बघणारसुद्धा नाही. दारातूनच परत. मग शिक्षा पुरती भोगायची."

पेंटरचा चेहरा पहिल्यांदा उतरला. खोटा ठरणं त्याने एकदा सोसलं होतं. पण न वाचलेली पाटी हा प्रकार त्याच्या कल्पनेच्या बाहेरचा होता.

त्याने सवलतीचा अर्ज लिहिला. तो त्या कचेरीत अजून असणार. त्यातला काही भाग असा होता:

'टाइपरायटर तुरुंगाचा आहे, मी तुरुंगाचा असलो तरी तो मला वापरता येत नाही, म्हणून हस्तलेखन चालवून घ्यावे. उशीर अक्षर सुबक काढण्यात झाला, ते पाहून न्यायालयाची खात्री पटेल. समासातील वेल मी आनंदाने काढून टाकीन. तीन प्रती सारख्या काढणे मला प्रकृतीमुळे शक्य नाही, एक चांगली काढून देतो. पाने जास्त झाली कारण न्यायालय किती लांबून वाचणार हे मला कळविलेले नव्हते. शेवटी नम्र विनंती की सही माफ व्हावी. एकदा सही केली तर इथे आलो. आता पुन्हा केली तर कुठे जाईन याची खात्री वाटत नाही.'

या अर्जावरही अर्थातच सही नव्हती.

कोर्टाने अर्ज वाचला आणि आदेश पाठवला. हेडक्लार्कने पेंटरला बोलावून तो स्वतः वाचून दाखवला. उशीर माफ. हस्ताक्षर चालेल. एकच प्रत पुरे, बाकीच्या कोर्ट काढून घेईल. पेंटर हसायला लागला.

"थांब," हेडक्लार्क म्हणाला. "पानांची मर्यादा माफ नाही. अपीलकर्त्याने अक्षराचा आकार आवरावा. आणि सही माफ करता येत नाही. ठरल्या तारखेपर्यंत सहीचं अपील आलं नाही, तर प्रकरण निकालात."

"उशीर एवढा मोठा, तो सोडला. सही एवढीशी, ती सोडत नाहीत?"

"कोर्टाचं काय ते कोर्टाला विचार. मला पाट्या रंगवून हव्यात."

पेंटर बराकीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. वकीलसाहेबांनी समजूत काढली, मग चिडवलं, मग शिव्या घातल्या. शेवटी म्हणाले, "आण इकडे, मी करतो तुझी सही. त्यात काय आहे?"

"तुम्हाला ती शेपटी जमायची नाही," पेंटर म्हणाला. आणि हे बरं झालं, कारण वकीलसाहेब खोट्या सह्यांच्या कलमाखालीही आत होते.

मुलाखतीच्या दिवशी बायको आली. ती एका लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. कपडे घ्यायचे, कॉलरला नंबरची चिठ्ठी टाचायची, धुऊन आले की चिठ्ठी बघून परत द्यायचे. जाळीच्या पलीकडे बसल्या बसल्या तिने वरची पाटी वाचली. "मुलाखत कक्ष. छान काढलंय. जरा जास्तच मोठं झालंय."

"रस्त्याच्या पलीकडून दिसायला हवं ना."

"रस्ता कुठाय इथं? तिकडं तर संडास आहे."

पेंटरने तिला आदेशाचं सांगितलं. "मी सही करणार नाही. तुझ्या भावामुळं ही वेळ आली."

"त्याचं नाव काढू नका. सापडला, की त्याच्या तोंडाला काळं मीच फासीन, रंग तेवढा तुमचा देऊन ठेवा." मग ती जाळीजवळ सरकली. "हे बघा अहो, आमच्याकडं एक फडताळ आहे. ज्या कपड्यांची चिठ्ठी धुताना सुटून गेली, ते त्यात. चांगले चांगले शर्ट आहेत. एक कोट तर असला आहे, की नवऱ्यामुलानं घालावा. पण ते कुणाचे? कुणीच सांगू शकत नाही. मालक काउंटरसमोर उभा राहिला तरी देता येत नाही. तुमचं ते अपील तसंच पडणार फडताळात."

"मी ओळखीन की माझं अक्षर."

"तुम्ही ओळखून काय उपयोग? तुम्ही आत. ओळखायचं तिकडच्या लोकांनी." ती उठली, पदर सावरला आणि जाता जाता म्हणाली, "जगाच्या पाट्यांवर सह्या केल्यात. लोकांच्या चपलांच्या दुकानावर केल्यात, सलूनवर केल्यात, चोरीच्या टेम्पोवरसुद्धा केल्यात. स्वतःची म्हणून ही एकच पाटी आयुष्यात रंगवताय, आणि तिच्यावर नाही?"

शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिहायला बसला. बारीक लिहिण्याचा प्रश्न त्याने वेगळ्याच बाजूने सोडवला. आयुष्यात एकच गोष्ट त्याला बारीक आणि तरीही डौलदार काढता येत होती. तो सहीच्याच मापाने अख्खं अपील लिहीत सुटला. वेल गेली. शेड गेली. आठाची बारा पानं गेली, त्यांच्या जागी एक ओळ आली: 'आठाबद्दल मी जे बोललो ते खरे होते, पण बोलायला नको होते.' मेहुणा मजकुरात परत आला, तोही एकाच बाजूने. उरला तो मुद्दा, जो आधीच्या गठ्ठ्यात अगदी शेवटी, कुणी पोचलं नसतं अशा पानावर होता. चोर आपल्या कामावर सही करत नाही. मला ते टेम्पो चोरीचे आहेत हे ठाऊक असते, तर मी तरी कशाला केली असती?

मग प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्याने हात टेकवला. एक वळसा, एक शेपटी. हात इतक्या दिवसांनी त्या वळणावर गेला, की पुढचं आपोआप झालं.

सुनावणी पडद्यावरून झाली. हेडक्लार्कच्या खोलीत पेंटरला खुर्चीवर बसवलं. वकीलसाहेबांनी त्याला एकच सल्ला दिला होता, "विचारतील तेवढंच बोल, आणि कुणी कामाला नावं ठेवली तर जीभ चाव." पडद्यावर एका चौकोनात न्यायमूर्ती होत्या, वयस्कर बाई, हातात पेंटरचे कागद. दुसऱ्या चौकोनात सरकारी वकील.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांशी नेला. "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो मॅडम."

"फारच बारीक आहे."

पेंटरला राहवलं नाही. "मागच्या वेळी मोठं म्हणून परत आलं होतं, मॅडम."

हेडक्लार्कने त्याच्या खुर्चीला पाय मारला. बाईंनी टेबलावरून भिंग घेतलं. सरकारी वकिलाने घसा साफ केला. आरोपीला आधीच पुष्कळ सवलती मिळाल्या आहेत, तो म्हणाला. मोफत वकील त्याने नाकारला, नियम पाळले नाहीत, सहीसुद्धा नाइलाजाने केली. शिवाय भर कोर्टात त्याने काम आपलं असल्याचं कबूल केलं आहे. अपिलात दम नाही, ते दाखल करून घेऊ नये.

बाई ऐकत होत्या की नाही ते कळत नव्हतं. भिंग पानाच्या कोपऱ्यावर थांबलं होतं. त्यांनी दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. "सहीखाली हे काय आहे? प्रत्येक पानावर आहे. आकडे दिसतात."

पेंटरला आत्ता कुठे उमजलं, की हाताने काय केलं होतं.

"फोन नंबर आहे, मॅडम."

"कुणाचा?"

"माझा. म्हणजे धंद्याचा. आता बायकोकडं असतो."

"अपिलावर फोन नंबर कशासाठी?"

"मुद्दाम नाही केला, मॅडम. सहीला हात गेला, की पुढं तो येतोच. काम आवडलं तर गिऱ्हाइकाला परत सापडावं म्हणून."

बाईंनी फाइल मागवली. पानं उलटण्याचा आवाज पडद्यातून येत राहिला. मग त्यांना नंबरप्लेटचा फोटो सापडला. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात अपिलाचं पान. भिंग इकडून तिकडे गेलं आणि तिकडून इकडे आलं.

"टेम्पोवरही हाच नंबर," त्या म्हणाल्या. "शेपटीसकट." मग सरकारी वकिलाकडे वळल्या. "पोलिसांनी आरोपीला कसं शोधलं?"

वकिलाने कागद चाळले. "फोन करून, मॅडम."

"याच नंबरावर?"

"हो."

"आणि तो आला?"

"ब्रश घेऊन आला, मॅडम."

"चोरीच्या मालावर आपला फोन नंबर लिहून ठेवणारा चोर आपण पाहिलाय?"

सरकारी वकील जरा घुटमळला. "माझा अनुभव तसा कमी आहे, मॅडम."

"माझा कमी नाही," बाई म्हणाल्या. "मीही नाही पाहिला. अपील दाखल करून घेतलं आहे. सविस्तर ऐकू. अपीलकर्त्याने पुढच्या वेळी मध्यम आकारात लिहावं."

पडदा काळा झाला. पेंटर बसूनच होता. हेडक्लार्कने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण दारात शिपाई उभा होता. "सुटला नाहीस अजून. नुसतं ऐकून घेणार आहेत."

"वाचणार आहेत," पेंटर म्हणाला. "भिंग घेऊन."

बराकीत वकीलसाहेबांनी सगळं दोनदा वदवून घेतलं. आपण सांगितल्याप्रमाणे तो जीभ चावून बसला म्हणूनच हे जमलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पेंटरने वाद घातला नाही.

दुपारी तो हेडक्लार्कच्या टेबलासमोर उभा. शिडी हवी होती, काळ्या रंगाची डबी हवी होती आणि सगळ्यात बारीक ब्रश.

"आता कुठली पाटी?"

"नवी नाही साहेब. मुलाखत कक्षाचं थोडं काम राहिलंय. शांतता राखाचंपण."

हेडक्लार्कला कळलं. त्याने शिपायाला शिडी आणायला पाठवलं आणि बोट उगारलं. "सही कर. फोन नंबर नाही हां. इथं कोण फोन करून पाटी मागवणार आहे?"

"साहेब, तिथं बसणारे सगळे आज ना उद्या बाहेर पडतात," पेंटर म्हणाला. "पडले, की प्रत्येकाला काहीतरी दुकान टाकावंच लागतं."

हेडक्लार्क विचारात पडला. तेवढ्यात शिपायाने आणलेली शिडी घेऊन पेंटर निघाला होता.